वाचायची फाइल, वाचण्यापुरतीच

संगणकावरची सर्वांत साधी फाइल म्हणजे टीएक्सटी. तिच्यात चित्रं नसतात, रंग नसतात, ठळक किंवा तिरपी अक्षरं नसतात. असतो तो नुसता मजकूर. म्हणूनच ती सगळीकडे उघडते आणि वर्षानुवर्षं टिकते. आपल्या घरांत अशा फायली बऱ्याच असतात. व्हॉट्सॲपमधून ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवलेलं एखादं संभाषण, आईने सांगितलेल्या आणि लेकीने टाइप केलेल्या पाककृती, आरत्या आणि स्तोत्रं, कुलवृत्तान्तासाठी गोळा केलेली नावं, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, औषधांच्या वेळा. लिहिणारा एकच असतो, वाचणारे चार-पाच असतात, आणि वाचणाऱ्यांना त्यात काडीचाही बदल करायचा नसतो.

अडचण इथेच सुरू होते. विंडोजच्या संगणकावर या फाइलवर डबल-क्लिक केलं की ती नोटपॅडमध्ये उघडते. १९८५ साली आलेल्या पहिल्या विंडोजपासून नोटपॅड सोबत आहे, आणि ते लिहिण्याचं साधन आहे. कर्सर लुकलुकत असतो, चुकून जी कळ दाबली जाईल तिचं अक्षर मजकुरात उमटतं. कंट्रोल आणि ए या दोन कळा एकत्र दाबल्या गेल्या तर सगळा मजकूर निवडला जातो आणि पुढच्या कळीसरशी नाहीसा होतो. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना पडद्यावरचं बारीक दिसत नाही, ज्यांनी वयाच्या पासष्टीनंतर माऊस हातात धरला, त्यांच्याकडून हे सहज होतं. मग खिडकी बंद करताना जुनं नोटपॅड विचारतं, बदल सेव्ह करायचे का? नकार दिला तर काहीतरी हरवेल या धास्तीने माणूस होकार देतो, आणि मूळ मजकूर नेमका त्याच क्षणी जातो.

विंडोज ११ मधलं नवं नोटपॅड आणखी एक गोंधळ घालतं. बंद करताना ते काही विचारतच नाही. अर्धवट बदल स्वतःजवळ ठेवून घेतं आणि पुढच्या वेळी तीच बिघडलेली खिडकी समोर आणतं. मूळ फाइल शाबूत असते, पण वाचणाऱ्याला दिसतो तो बिघडलेला मजकूर. आता त्यात एकाशेजारी एक टॅब उघडतात, मजकूर पुन्हा लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची बटणंही आली आहेत. लिहिणाऱ्याला ही सोय वाटेल. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याच्यासाठी प्रत्येक नवं बटण म्हणजे चुकण्याची एक नवी जागा.

तेव्हा शोधायचं आहे ते असं साधन, जे मजकूर दाखवेल, मोठा करून दाखवेल, शोधून देईल, पण त्यात एक काना किंवा मात्राही बदलू देणार नाही.

आधी एक नकार

या शोधात बहुतेक जण सर्च इंजिनमध्ये ‘टेक्स्ट फाइल व्ह्यूअर’ असं टाकतात आणि जे पहिलं दिसेल ते डाउनलोड करतात. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. या कामासाठी घरात काहीही नवं आणायची गरज नाही. फुकट मिळणाऱ्या अशा अनेक प्रोग्रॅमसोबत जाहिराती येतात, ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलणारे आगंतुक येतात. फोनवरची कित्येक व्ह्यूअर ॲप्स एक साधी फाइल दाखवण्यासाठी फोनमधल्या सगळ्या फायली पाहण्याची परवानगी मागतात. काही संकेतस्थळं तर ‘फाइल इथे अपलोड करा, आम्ही दाखवतो’ म्हणतात. ज्या फाइलमध्ये घरातलं खासगी संभाषण आहे, आजारपणाच्या नोंदी आहेत, सोसायटीतल्या थकबाकीदारांची नावं आहेत, ती अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली करण्याचं काहीच कारण नाही.

आणि मुळात टीएक्सटी दाखवणं यंत्राला अजिबात अवघड नाही. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, तीन बाइट घेतं. म्हणजे एका एमबीमध्ये अशी सुमारे साडेतीन लाख चिन्हं मावतात. एखादा जाडजूड ग्रंथसुद्धा दोन-चार एमबींत बसतो. फोनमधला एक फोटो अनेकदा याहून मोठा असतो. एवढ्याशा कामाला खास सॉफ्टवेअर लागत नाही.

ब्राउझर: आपल्याकडे आधीच असलेला वाचक

क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी एक तरी ब्राउझर बहुतेक संगणकांवर असतोच, आणि तो टीएक्सटी फाइल उघडून दाखवतो. फाइल माऊसने धरून ब्राउझरच्या खिडकीत सोडा. मजकूर दिसू लागेल. आता कीबोर्डवर कुठलीही कळ दाबून पाहा. एक अक्षरही उमटणार नाही. कर्सर नाही, सेव्हचा प्रश्न नाही, खिडकी बंद केली की विषय संपला.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने यात बरंच काही आहे. कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, उणेचं दाबलं की लहान. लांब ओळी खिडकीच्या रुंदीत आपोआप मोडल्या जातात, त्यामुळे वाचताना उजवीकडे सरकत जावं लागत नाही. कंट्रोल आणि एफ दाबलं की शोधायची पट्टी येते. मराठीत शोधायचं तर विंडोज १० च्या २०१९ सालच्या मे महिन्यातल्या अद्यतनापासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडायचा, मग रोमन कळांवर उच्चाराप्रमाणे टाइप केलं की देवनागरी उमटते.

एज ब्राउझरमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय आहे आणि तिच्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. मजकूर निवडून राइट-क्लिक करायचं आणि ‘रीड अलाउड’चा पर्याय घ्यायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा डोळे लवकर शिणणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. मात्र हे आवाज इंटरनेटवरून येतात, म्हणजे वाचायचा मजकूरही तिकडे पाठवला जातो. आरत्या ऐकायला हरकत नाही. वैद्यकीय कागद किंवा बँकेचे तपशील असतील तर ते डोळ्यांनीच वाचावेत.

रोज फाइल ओढून ब्राउझरमध्ये टाकायला लावणं हा मात्र वयस्कर माणसावर जुलूम आहे. त्यांना डबल-क्लिक माहीत असतं, तेवढ्यावरच काम व्हायला हवं. ही मांडणी घरातल्या जाणत्या माणसाने एकदाच करून द्यायची. कुठल्याही टीएक्सटी फाइलवर राइट-क्लिक करा, ‘ओपन विथ’वर जा, ‘चूज अनदर ॲप’ निवडा. यादीत ब्राउझर दिसला तर तो निवडून ‘ऑलवेज’ दाबा. दिसला नाही तर यादीच्या तळाशी संगणकावरून ॲप निवडण्याचा पर्याय असतो. त्यातून क्रोम हवा असेल तर बहुधा सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये गूगल, मग क्रोम, मग ॲप्लिकेशन अशा वाटेने जाऊन तो दाखवून द्यावा. यापुढे त्या संगणकावरची प्रत्येक टीएक्सटी फाइल डबल-क्लिक केल्यावर ब्राउझरमध्येच उघडेल. तुम्हाला स्वतःला त्यात बदल करायचा असेल तेव्हा राइट-क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅड घ्या. लिहिणाऱ्याला दोन क्लिक जास्त पडतात. ते पडू द्यावेत.

रोज लागणारी एकच फाइल असेल, म्हणजे औषधांच्या वेळा किंवा रोजचं स्तोत्र, तर ती ब्राउझरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबून बुकमार्क करा आणि बुकमार्कची पट्टी कायम दिसेल अशी ठेवा. तुम्ही फाइल बदललीत तर त्यांनी फक्त एफ५ दाबायचं, नवा मजकूर समोर येतो.

न उघडता वाचणं

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ऑल्ट आणि पी दाबलं की उजवीकडे एक कप्पा उघडतो. डावीकडे फाइलवर एकदाच क्लिक करायचं, उजवीकडे तिचा मजकूर दिसतो. इथेही काही बदलता येत नाही. ज्यांच्याकडे पन्नास लहान फायली आहेत, प्रत्येक पाककृती वेगळी, त्यांना हा कप्पा फार सोयीचा. मात्र त्यातली अक्षरं बारीक असतात, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फायली सुरक्षेच्या कारणाने नव्या विंडोजमध्ये या कप्प्यात दिसत नाहीत. फाइल विश्वासातली असेल तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करून ती अडचण दूर होते.

मॅकवर हेच काम जास्त देखणं होतं. फाइल निवडा आणि स्पेसबार दाबा. मजकूर मोठ्या खिडकीत समोर येतो, पुन्हा स्पेसबार दाबला की जातो. २००७ सालच्या लेपर्ड आवृत्तीपासून ही ‘क्विक लुक’ची सोय मॅकमध्ये आहे. मॅकवाल्यांनी ही सवय लावून घ्यावीच, कारण मॅकचा टेक्स्टएडिट बदल आपोआप सेव्ह करतो. तिथे ‘नको’ म्हणायला प्रश्नच येत नाही. चुकून बिघडलं तर फाइल मेनूतल्या ‘रिव्हर्ट टू’मधून जुनी आवृत्ती परत आणता येते, पण हे माहीत असणारी माणसं थोडी. त्यापेक्षा ‘गेट इन्फो’ उघडून ‘लॉक्ड’वर खूण करून ठेवणं बरं.

फोनवर चिंता कमी. आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये टीएक्सटीवर बोट ठेवलं की ती फक्त वाचण्यासाठी उघडते. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ नावाचा एक छोटासा वाचक आधीपासून असतो. फाइल कशात उघडायची असं फोनने विचारलं आणि यादीत ते नाव दिसलं तर तेच निवडा. ते नसेल तर गूगल ड्राइव्ह ही फाइल दाखवतं.

ड्राइव्हचा आणखी एक उपयोग आहे. कुटुंब पुणे, दुबई आणि न्यू जर्सी असं पसरलेलं असेल तर प्रत्येकाला फाइल पाठवत बसू नये. एकच फाइल ड्राइव्हवर ठेवावी आणि बाकीच्यांना ‘व्ह्यूअर’ म्हणून परवानगी द्यावी. ‘एडिटर’ म्हणून द्यायची नाही. लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी राहते आणि बाकी सगळ्यांसमोर एकच, ताजा मजकूर असतो.

फाइललाच कुलूप

वाचायचं साधन बदलता येत नसेल, उदाहरणार्थ संगणक ऑफिसचा किंवा वाचनालयाचा असेल, तर फाइललाच सांगून ठेवता येतं. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि खाली ‘रीड-ओन्ली’च्या चौकोनात खूण. आता नोटपॅडमध्ये कोणी काही टाइप केलं तरी सेव्ह करताना मूळ फाइलवर लिहिलं जात नाही, दुसऱ्या नावाने ठेवायची खिडकी समोर येते. पडद्यावर अक्षरं उमटतात, त्यामुळे वाचणारा क्षणभर घाबरेल, पण मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो.

ज्या घरी नोटपॅड-प्लस-प्लस वापरतात त्यांना त्याच्या ‘एडिट’ मेनूत केवळ-वाचनाचा पर्याय मिळेल. मी तो वयस्कर वाचकांसाठी सुचवत नाही. त्याच्या वरच्या पट्टीवर इतकी चित्रं आहेत की नवखा माणूस मजकूर वाचण्याऐवजी तीच न्याहाळत बसतो.

आणि ज्या मजकुरात आता कधीच बदल व्हायचा नाही, त्याचं पीडीएफ करून टाकावं. नोटपॅडमध्ये आधी अक्षराचा आकार मोठा करावा, मग प्रिंट द्यावं आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावं. विंडोज १० पासून ही सोय आत आहे. आरत्यांचा संग्रह, कुलवृत्तान्त, दिवंगत माणसाची पत्रं यांच्यासाठी हा मार्ग मला सर्वांत पसंत आहे, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर अक्षराचं वळण आणि पानांची मांडणी तीच राहते.

देवनागरी विस्कटते तेव्हा

मराठी वाचकाची खरी परीक्षा इथे असते. फाइल उघडते, पण दिसतो तो भलताच मजकूर. दोष आपला आहे असं समजून बिचारा वाचक ती बंद करतो. खरं तर काय दिसतं आहे ते नीट पाहिलं की दुखणं कुठलं ते कळतं, आणि उपायही बहुधा सोपा असतो.

पहिला प्रकार असा. पडद्यावर रोमन ए आणि त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, त्याच्या पाठोपाठ चार कोपऱ्यांना काटे असलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा. हे दिसलं तर निर्धास्त राहा, मजकूर पूर्ण शाबूत आहे. फाइल यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीने लिहिलेली आहे, पण उघडणाऱ्या साधनाने ती जुन्या युरोपीय पद्धतीची समजून वाचली. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असतात, म्हणून ती जोडी सतत दिसते. फायरफॉक्समध्ये ‘व्ह्यू’ मेनूत मजकुराचं एन्कोडिंग दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो वापरून पाहा. कायमचा उपाय मात्र लिहिणाऱ्याच्या हातात आहे. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना खाली एन्कोडिंगची यादी असते. तिच्यात ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडायचं. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला ठेवलेली, न दिसणारी तीन बाइटांची खूण. ती पाहिली की ब्राउझर, विंडोजचा उजवीकडचा कप्पा आणि फोन यांना अंदाज बांधावा लागत नाही. इतरांनी वाचायची मराठी फाइल नेहमी अशीच सेव्ह करावी, ही माझी आग्रहाची सूचना.

दुसरा प्रकार: अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं. ही वाईट बातमी आहे. विंडोज १० च्या २०१९ सालच्या मे अद्यतनाआधी नोटपॅड नवी फाइल ‘आन्सी’ पद्धतीने सेव्ह करायला निघे. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती. नोटपॅड इशारा देत असे, पण लोक तो न वाचता पुढे जात, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह कायमचं लिहिलं जाई. अशा फाइलमधून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही. ज्याने ती पाठवली त्याच्याकडे मूळ प्रत आहे का हे विचारणं, एवढाच मार्ग.

तिसरा प्रकार: ओळखीची रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, पण एकही शब्द लागत नाही. ही फाइल युनिकोडच्या आधीच्या छपाईच्या दुनियेतली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, पहिल्याच आवृत्तीपासून आहे. पण आपल्याकडची वर्तमानपत्रं, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या नंतरही अनेक वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम यांच्यावर चालत होत्या. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवलेला असे. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतं. टीएक्सटी फाइल आपल्यासोबत फॉन्ट वाहून नेत नाही, त्यामुळे उरतं ते खालचं रोमन. इथे कितीही व्ह्यूअर बदलले तरी उपयोग नाही. कुठला फॉन्ट वापरला होता ते विचारा आणि त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. नंतर एकदा मूळ छापील प्रतीशी ताडून वाचा. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केली जात असे आणि रफार वेगळा काढला जात असे, त्यामुळे परिवर्तनात चुका होतात त्या बहुधा याच दोन जागी. एखाद्या दिवाळी अंकाचं किंवा स्मरणिकेचं जुनं साहित्य तुमच्याकडे अशा स्वरूपात पडून असेल तर हे काम लवकर करून घ्या. ते फॉन्ट आणि ते चालवणारे जाणकार, दोन्ही कमी होत चालले आहेत.

चौथा प्रकार किरकोळ: मजकूर नीट दिसतो, फक्त मधूनच एखादा रिकामा चौकोन येतो. यंत्रावरच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे फार जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोज ८ पासून सोबत येतो, त्यात ही अडचण येत नाही. ज्यांना वाचायला अधिक मोकळं वळण हवं त्यांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट उतरवून घ्यावा, तो विनामूल्य आहे. नवा फॉन्ट बसवला की ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ आणि ‘बाळ’ हे तीन शब्द लिहून पाहा. मराठीसाठी फॉन्ट बरा आहे की नाही ते लगेच समजतं.

जुन्या विंडोज ७ वर सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसला तर ती फाइल मॅक, लिनक्स किंवा फोनवरून आलेली आहे. तिथलं नोटपॅड त्यांचे ओळखंड ओळखत नाही. ही उणीव २०१८ साली विंडोज १० मध्ये दूर झाली. ब्राउझरमध्ये अशी फाइल नीट दिसते.

नावाच्या शेवटी काय आहे

टीएक्सटी फाइल स्वतःहून संगणकावर काहीही चालवू शकत नाही, म्हणून ती उघडण्यात धोका नाही. धोका आहे तो टीएक्सटीचं सोंग घेतलेल्या फाइलमध्ये. विंडोज फाइलच्या नावाचा ओळखीचा शेपटा मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे ज्या फाइलचं पूर्ण नाव टीएक्सटी आणि त्यापुढे टिंब देऊन ईएक्सई असं आहे, ती नुसती टीएक्सटी असल्यासारखी दिसते आणि उघडताच प्रोग्रॅम चालू होतो. घरच्या संगणकावर हे शेपटे दिसतील असं करून ठेवा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. फोनवर हेच धोकादायक शेपूट एपीके असं असतं. लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक पोलिसांचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फायली पाठवून बँक खाती रिकामी केल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. आईवडिलांना एकच नियम सांगावा: वाचायची गोष्ट कधीही ‘इन्स्टॉल’ करायला सांगत नाही. तसं विचारलं की हात मागे घ्यायचा आणि घरच्यांना फोन करायचा.

व्हॉट्सॲपच्या संभाषणाबद्दल वेगळं सांगतो, कारण आज घरोघरी टीएक्सटी येते ती प्रामुख्याने तिथूनच. गप्पांची खिडकी उघडून मेनूतून ‘एक्स्पोर्ट चॅट’ केलं आणि फोटो-व्हिडिओ नकोत असं सांगितलं की मजकुराची फाइल मिळते. आयफोनवर ती झिपच्या आत असते. ती आधी बाहेर काढावी आणि मगच वयस्कर माणसाला द्यावी. गेलेल्या जोडीदाराशी झालेलं शेवटच्या वर्षांतलं बोलणं अनेकांनी असं जपून ठेवलं आहे. अशा फाइलची किंमत पैशांत करता येत नाही, आणि ती वारंवार उघडली जाते. म्हणून वर सांगितलेले सगळे बंदोबस्त सर्वांत आधी या फाइलला लावावेत: बीओएमसह सेव्ह करणं, रीड-ओन्लीची खूण, ब्राउझरमध्ये उघडणं आणि शिवाय एक पीडीएफ.

मांडणी पूर्ण झाली की खुर्ची वाचणाऱ्याला द्या आणि माऊसला हात लावू नका. फाइल उघडणं, अक्षर मोठं करणं, बंद करणं, पुन्हा उघडणं हे त्यांना स्वतः करू द्या. कुठे अडतात ते पाहा आणि मांडणीतली तेवढी जागा सुधारा. अडले की आपण करून दाखवण्याचा मोह होतो, पण त्याने उद्या तुम्ही घरी नसताना त्यांचं काम होत नाही. पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवून द्या. तीन पायऱ्यांत काम होत नसेल तर मांडणी अजून अवघड आहे असं समजा.

एवढं झालं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. रीड-ओन्लीची खूण फाइलमधला मजकूर बदलण्यापासून वाचवते, पण फाइलच उचलून कचरापेटीत टाकण्यापासून वाचवत नाही. तेव्हा मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा तुमच्या स्वतःच्या संगणकावर ठेवा, आणि ती आजच ठेवा.